अद्भुतनगरीतील नवखा : सोंगाच्या खेळांचा इतिहास आणि पहिले धडे

अकोल्याच्या जुन्या शहराची स्थापना कशी झाली याविषयी एक आख्यायिका सांगतात. अकोलसिंह नावाच्या राजाने येथे एकदा ससा कुत्र्याच्या पाठीस लागलेला पाहिला. जेथला ससा कुत्र्यास पळवून लावतो ती भूमी शुभ असलीच पाहिजे असे त्यास वाटले, व त्याने गावाच्या रक्षणाकरिता तेथे मातीचा कोट बांधिला. ही कथा अकोल्याचीच आहे असे मात्र नव्हे. विजयनगरची आणि अहमदाबादची स्थापनाही अशाच सशाने केली असे त्या त्या ठिकाणचे लोक मानीत आले आहेत. परंतु कथा उसनी असली तरी तिच्यामुळे गावाला गावपण येते, आणि आपण कोणत्या भूमीवर उभे आहो याचे उत्तर शोधताना मनुष्याला प्रथम कथाच सापडते, इतिहास मागाहून सापडतो.

तो इतिहासही येथे सरळपणे हाती लागत नाही. मोर्णेच्या काठी असदगडाचे जे अवशेष आहेत त्यांचे नाव औरंगजेबाचा वजीर असदखान याच्यावरून पडले, व सुमारे १६९७ साली या कोटाची मजबुती झाली. दहीहांडा वेशीवरील लेखात औरंगजेबाच्या कारकीर्दीचा आणि असदखानाचा उल्लेख आहे. फत्ते बुरुजावरील लेखाचा काळ याच्याच जवळपासचा, पण बादशहाचे नाव निराळे. ईदगाहीवरील लेख ख्वाजा अब्दुल लतीफ याचे नाव घेतो. आणि आगर वेशीवरील मराठी लेख वाचावा तर हा किल्ला गोविंद आप्पाजी यांनी १८४३ साली बांधिला असे तो निःशंकपणे सांगतो! एकाच कोटाच्या दगडांनी दिलेल्या या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. जो पाहुणा एकाच वेशीतून आत शिरेल व तेथील लेख वाचून परत फिरेल, तो खोटे शिकून जाईल. जो सगळ्या वेशी फिरेल त्यासच काही खरे कळण्याचा संभव आहे.

तिसरी कथा राजराजेश्वराच्या देवळाची. राणी मध्यरात्री किल्ल्यातून निघून महादेवाच्या पूजेस जात असे. राजाच्या मनात संशय आला, व एके रात्री तो नागवी तलवार हातात घेऊन तिच्यामागून निघाला. आपल्या पावित्र्याविषयी पतीने शंका घेतली हे ध्यानात येताच राणीने देवाची करुणा भाकली. पिंडी दुभंगली आणि राणी तीत अंतर्धान पावली. राजाच्या हाती उरली ती तलवार.

आजकालच्या घराघरांतून मुले ज्या अद्भुतरम्य व्हिडिओ गेममध्ये तासन्तास गुंतलेली दिसतात, त्यांविषयी लिहिताना या तीन कथा मुद्दाम आठवल्या. कारण त्या खेळांचा सारा प्रपंच याच सामग्रीचा आहे. एक जुने शहर, त्याच्या वेशी, भग्न कोट, परस्परविरोधी लेख, कर्णोपकर्णी आलेल्या वार्ता, एखादा शाप, आणि या सर्वांच्या मध्यभागी हातात तलवार दिलेला एक नवखा मनुष्य. इंग्रजीत ज्यांस रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्यांस आपल्या भाषेत ‘सोंगाचे खेळ’ म्हणावयास हरकत नसावी. सोंग हा शब्द आपल्याकडे हलका नाही. बहुरूपी सोंग आणतो, दशावतारातला नट सोंग घेऊन उभा राहतो, वऱ्हाडातल्या दंडारीत शेतकरी रात्रभर राजा होतो. सोंग घेणाराही दोन घटका दुसऱ्याच्या जिवाने जगून येतो.

या खेळांत नव्याने शिरणाऱ्याची एक ठरलेली समजूत असते. तलवार हाती आली की ती चालविलीच पाहिजे, जो समोर येईल तो शत्रूच असला पाहिजे, आणि जितके वेगाने पुढे जावे तितका खेळ उत्तम. घरातील वडील मंडळी पाठीमागून पडद्याकडे एक ओझरती नजर टाकतात, त्यांनाही तलवारीच दिसतात. आणि मुलगा मारामारी शिकतो आहे असा निष्कर्ष काढून ती मोकळी होतात. म्हणजे नवखा खेळाडू व रागावलेला पालक या दोघांचाही गैरसमज मुळात एकच आहे. या खेळांचा जन्मवृत्तान्त पाहिला तर गोष्ट अगदी उलट आढळते. हा खेळ जन्मास आला तो ठरलेली लढाई झाली नाही म्हणून!

तो वृत्तान्त सांगण्यास वऱ्हाडातूनच आरंभ करिता येतो. १८०३ साली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याची छावणी अकोल्यास पडली होती. त्याच वर्षी २९ नोव्हेंबर रोजी अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबर रोजी गाविलगड पडला. गाविलगड दक्षिणेच्या अंगाने चढून घेणे जवळजवळ अशक्य. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने एलिचपुराहून डोंगरांतून वाट काढीत, तोफा ओढीत, उत्तरेकडील लबाड्याच्या बाजूचा मार्ग धरिला. दर्शनी भिंतीवर डोके आपटण्यापेक्षा दुसरी वाट शोधण्यात शहाणपण असते, हे त्या मोहिमेचे मर्म होय. युरोपात तो काळ नेपोलियनच्या युद्धांचा होता, आणि असले शहाणपण रक्त न सांडता शिकविता येईल काय, असा प्रश्न तिकडील सेनाधिकाऱ्यांस पडू लागला होता. १८१२ साली प्रशियाच्या राजापुढे राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने भूप्रदेशाची प्रतिकृती मांडून खेळावयाचा एक युद्धखेळ सादर केला. त्याच्या मुलाने १८२४ साली त्याचे सुधारलेले नियम छापून प्रसिद्ध केले. त्यात नकाशा होता, दैवाचा अंश दाखविण्यासाठी फासे होते, आणि दोन्ही पक्षांच्या आज्ञा ऐकून निकाल देणारा एक पंच होता. १८७६ साली व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने कोष्टकांचे जंजाळ कमी करून पंचाच्या विवेकावर अधिक भार टाकावा असे प्रतिपादिले. पुढे १८८० साली अमेरिकेत चार्ल्स टॉटन याचा ‘स्ट्रॅटेगॉस’ हा ग्रंथ निघाला. खेळाडूने वाटेल ते करून पाहावे, ते साधते की नाही याचा निवाडा पंच करील, हे तत्त्व त्यात होते.

सुमारे नव्वद वर्षांनी हा ग्रंथ मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली नावाच्या हौशी तरुणाच्या हाती पडला. १९६९ साली त्याने एक खेळ योजिला. ब्राउनस्टाइन नावाचे एक कल्पित जर्मन शहर, आणि दोन बाजूंनी त्यावर चालून येणारी दोन सैन्ये. खेळण्यास मंडळी अधिक जमली, तेव्हा कोणास नगराध्यक्ष, कोणास सावकार, कोणास विद्यापीठाचा अधिपती अशा भूमिका त्याने वाटून दिल्या. सैन्ये येईपर्यंत या मंडळींनी थोडा वेळ काढावा इतकाच हेतू. परंतु घडले भलतेच. मंडळी आपापसांत कुजबुजू लागली, करारमदार करू लागली, गुप्त कट रचू लागली. दोघांनी तर एकमेकांस द्वंद्वाचे आव्हान दिले, आणि त्याचे नियम वेस्लीस तेथल्या तेथे रचावे लागले. सगळा वेळ यातच गेला व लढाईस तोंडच लागले नाही. खेळ फसला असे वेस्लीस वाटले. मंडळी मात्र, पुन्हा असाच खेळ मांड, असा आग्रह धरून बसली.

या मंडळींतच डेव्ह आर्नेसन हा होता. त्याने १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ नावाचे स्वतःचे अद्भुत राज्य उभे केले व खेळाडूंस तेथील किल्ल्याखालील भुयारांत उतरविले. विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स याच्याशी त्याचे सहकार्य झाले, आणि १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने एका पेटीत बाहेर पडला. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. आज जगात सोंगाचे जेवढे म्हणून खेळ आहेत त्यांच्या वंशावळीचा मूळ पुरुष हाच. पुढल्याच वर्षी विद्यापीठांतील मोठ्या संगणकांवर त्याची अनुकरणे दिसू लागली. १९८१ साली ‘अल्टिमा’ व ‘विझर्ड्री’ हे दोन खेळ घरगुती संगणकावर आले, आणि १९८६ साली जपानात ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने या खेळाला मुलाबाळांच्या दिवाणखान्यात आणून बसविले.

आपल्याकडील जुन्या खेळांशी याची तुलना केली म्हणजे यातील नवे काय ते स्पष्ट होते. मोक्षपटावर सद्गुणाच्या शिड्या व दुर्गुणाचे साप असतात; पण सोंगटी कोठे पडावी हे फासा ठरवितो. खेळणारा सज्जन असो की दुर्जन, दान वाईट पडले की सापाच्या तोंडी जावयाचेच. बुद्धिबळात याच्या उलट. तेथे दैव नाही, सारे बुद्धीवर, पण हत्ती काही केल्या उंटाशी बोलत नाही. सोंगाच्या खेळात निवड आपली, दान दैवाचे, आणि परिणाम भोगावयाचा तो पुन्हा आपणच. संसारातील व्यवहाराशी याचे जे साम्य आहे ते येथेच. आणि नवख्याला जे जे उपदेश जाणते खेळाडू करितात, त्या प्रत्येकाचे मूळ वर सांगितलेल्या इतिहासात सापडते. ते मूळ कळले म्हणजे उपदेश पाठ करावा लागत नाही.

पहिला प्रश्न सोंग कोणते घ्यावे हा. आरंभीच पडद्यावर योद्धा, मांत्रिक, चोर, धनुर्धर अशी पंगत मांडलेली असते, आणि नवख्यास सगळेच व्हावेसे वाटते. १९७४ च्या मूळ खेळात तीनच वर्ग होते : लढवय्या, मांत्रिक व धर्मोपदेशक. त्यात आरंभीच्या मांत्रिकाला एकच मंत्र येई. तो म्हटला की त्या दिवसापुरता तो बापडा निःशस्त्र. पुढे मात्र त्याच्यासारखा बलाढ्य कोणी नसे. लढवय्या पहिल्यापासून बऱ्यापैकी टिकाव धरी. ही परंपरा अनेक खेळांतून आजवर चालत आली आहे. म्हणून ज्याने हा खेळ कधीच खेळला नाही त्याने प्रथम लढवय्या व्हावे, आणि खेळाची रीत अंगवळणी पडली म्हणजे दुसऱ्या खेपेस मंत्रविद्येकडे वळावे. वाढीचे जे गुण मिळतात ते एका-दोन अंगांतच घालावे. थोडे बळ, थोडी विद्या, थोडे वक्तृत्व अशी सगळीकडे चिमूट चिमूट वाटणारा मनुष्य शेवटी कोणत्याच कामाचा राहत नाही. येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बहुतेक खेळांत काठिण्याच्या पायऱ्या असतात; नवख्याने सर्वांत सोपी पायरी निवडण्यात कमीपणा मानू नये. पोहणे शिकणारा डोहात उडी घेत नाही, काठाशीच हातपाय मारतो.

दुसरा उपदेश, गावात शिरताच शस्त्र म्यान करून तोंड उघडावे. बाजारातील म्हातारी, वेशीवरचा पहारेकरी, धर्मशाळेतील वाटसरू यांच्याशी जो बोलत नाही त्याच्यापुढे खेळाची निम्मी दारे बंदच राहतात. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा कर्ता युजी होरी याने याकरिता एक गमतीची युक्ती केली. खेळ सुरू होतो तो राजाच्या दालनात, आणि दालनाचे दार कुलूपबंद. राजाचे म्हणणे ऐकावे, पेट्या उघडाव्या, त्यांतली किल्ली घ्यावी, मग दार उघडावे. एवढे केल्यावाचून बाहेर पडताच येत नाही. बोलणे, शोधणे, वापरणे या तीन क्रिया नवख्याच्या हातून अशा रीतीने नकळत करवून घेतल्या जातात. मात्र ऐकलेले सगळे खरे मानू नये. एक म्हणतो राक्षस टेकडीवर आहे, दुसरा म्हणतो तो राक्षसच नव्हे. अशा वेळी दहीहांडा वेस व आगर वेस यांचे लेख आठवावे आणि तिसऱ्या साक्षीचा शोध घ्यावा. जवळ एक वही ठेवावी. ‘विझर्ड्री’च्या काळी खेळाडू भुयारांचे नकाशे चौकटीच्या कागदावर स्वतः काढीत, आता खेळ स्वतःच नोंदी ठेवतो, तरी स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद अधिक काळ ध्यानात राहते.

तिसरा उपदेश माघारीचा. पडद्याच्या कोपऱ्यात जी प्राणांची संख्या दिसते, जिला हिट पॉइंट म्हणतात, ती कल्पना आर्नेसनने जहाजांच्या युद्धखेळातून उचलली. जहाज एका गोळ्याने बुडत नाही; किती मारा सोसला म्हणजे ते बुडावयाचे याचा हिशेब असतो. तेव्हा ही संख्या म्हणजे आपल्या तारवाचा तळ समजावा. ती निम्म्यावर आली की परत फिरण्याचा विचार करावा, आणि जवळची औषधे वेळेवर घ्यावी. पुढे कधी लागतील म्हणून औषधांच्या कुप्या शेवटपर्यंत साठवून ठेवणे व त्या झोळीत तशाच असता प्राण गमावणे, ही नवख्याची नेहमीची कहाणी होय. गनिमी काव्याने लढलेल्या लोकांच्या वंशजांस माघार म्हणजे पराभव नव्हे हे सांगण्याची आवश्यकता नसावी. आणि एक शत्रू दहादा लढूनही हटत नसेल, तर तो तूर्त आपल्याकरिता नाही असे समजून गाविलगडाच्या मोहिमेप्रमाणे दुसरी वाट पाहावी. मूळ खेळात तर अनुभवाचे गुण शत्रूस मारण्यापेक्षा द्रव्य सुखरूप बाहेर आणण्यानेच अधिक मिळत. तेव्हा लढाई टाळून कार्यभाग साधणारा खेळाडू अधिक लवकर मोठा होई. तलवार हे शेवटचे साधन आहे, हे तत्त्व खेळाच्या हिशेबातच गोवलेले होते.

चौथा उपदेश सोबत्यांविषयी. पुष्कळ खेळांत आपल्याबरोबर आणखी काही पात्रे असतात. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी कावडींतून आणून राजराजेश्वरास घालतात, तो सोहळा ज्याने पाहिला असेल त्यास यातील मर्म सांगावयास नको. एकाच्या खांद्याने ती वाट सरत नाही. खांदे बदलावे लागतात, आणि कोण केव्हा थकला याकडे सर्वांनी लक्ष ठेवावे लागते. ज्याची ढाल भक्कम तो पुढे, ज्याचे बळ मंत्रात तो मागे, आणि जो जखमा बांधतो त्याचा जीव सर्वांत मोलाचा. चार योद्ध्यांची टोळी करणाऱ्या नवख्यास पहिल्या मोठ्या संकटात हे कळून येते.

पाचवा उपदेश खेळ जतन करून ठेवण्याचा, म्हणजे सेव्ह करण्याचा. ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या पहिल्या जपानी आवृत्तीत यंत्राला स्वतःची स्मृतीच नव्हती, राजाकडे गेले की तो वीस अक्षरांचा एक मंत्र सांगे, तो कागदावर उतरून घ्यावयाचा व दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा घालावयाचा. एक अक्षर चुकले की सगळी मेहनत व्यर्थ. आज एक कळ दाबली की काम भागते, म्हणूनच ते विसरले जाते. मोठ्या दारापाशी, अनोळखी गुहेपाशी, महत्त्वाच्या संभाषणापूर्वी खेळ जतन करावा, आणि एकाच जागी नव्हे तर दोन-तीन निरनिराळ्या जागी करावा. परंतु या सोयीचा एक मोह आहे. प्रत्येक निर्णयाचा परिणाम पाहून, तो न रुचल्यास मागे जाऊन दुसरा निर्णय घ्यावयाचा, अशी सवय लागली की खेळातला जीव जातो. त्याच जपानी खेळात मेलेला वीर पुन्हा राजापुढे जिवंत उभा राही. त्याचे निम्मे सोने गेलेले असे, अनुभव मात्र शाबूत असे. पैसा गेला तरी शिकलेले जात नाही, ही त्यातली योजना विचार करण्याजोगी आहे. नवख्याने आपल्या हातून झालेल्या चार चुका तरी तशाच पुढे न्याव्या. गोष्टीत रंग भरतो तो त्यांनीच.

सहावा उपदेश पैशाविषयी, आणि तो खेळाच्या आत जितका तितकाच बाहेर लागू आहे. आतील व्यवहार सोपा : आरंभी दुकानातील प्रत्येक चकाकणारी तलवार विकत घेऊ नये, कारण पुढल्या गुहेत तीहून चांगली बहुधा फुकट मिळते, सोने औषधावर व चिलखतावर खर्चावे. बाहेरील व्यवहार गंभीर आहे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू या काळाकरिताच करून ठेविली. काही खेळ फुकट म्हणून घरात येतात आणि मग पोशाखाला, शस्त्राला, वेळ वाचविण्याला खरे रुपये मागतात. ज्यांत पैसा लावून पैसा जिंकावयाचा असे ऑनलाइन खेळ निराळे. त्यांवर संसदेने २०२५ साली कायदा करून बंदी घातली. पण त्या कायद्याने सोंगाच्या खेळातील सारी दुकाने बंद होतात असे नाही. म्हणून नवख्याने पहिला खेळ असा घ्यावा की ज्याची किंमत एकदाच द्यावी लागते, आणि घरच्या मोबाइलवर पैसे देण्याची किल्ली वडिलांच्या हाती असावी.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. असल्या खेळांनी मुलांची नीती बिघडते काय? हा प्रश्न पिढ्यानुपिढ्या नव्या वेषात येतो. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ निघाली, आणि तिच्यामागून अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांग लागली. तेव्हा कादंबऱ्या वाचून तरुण मंडळी स्वप्नाळू होतील अशी काळजी विचारी माणसे करीत. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’वर सैतानी असल्याचा आरोप करून मोठेच काहूर उठविण्यात आले, तो आरोप पुढे टिकला नाही. परंतु आक्षेप अतिरेकी असला म्हणून त्यामागील चिंता खोटी ठरत नाही. ‘अल्टिमा’चा कर्ता रिचर्ड गॅरियट याला पालकांची रागाची पत्रे येत, आणि त्याने ती केराच्या टोपलीत टाकली नाहीत. आपल्या पहिल्या खेळांत चोऱ्या करून, निरपराध्यांस मारूनही जिंकता येते, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणून १९८५ साली त्याने चौथा ‘अल्टिमा’ रचिला. त्यात शेवटी मारावयाचा कोणी महाराक्षसच ठेविला नाही. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म व नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून ‘अवतार’ पद गाठावयाचे, हेच त्यातले साध्य. हा शब्द त्याने आपल्याकडचाच घेतला.

त्या खेळातील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. मंत्राला लागणाऱ्या वनस्पती विकणारी एक स्त्री आंधळी आहे. जिनसांची किंमत ती सांगते, पण नाणी किती द्यावयाची ते खेळाडूने स्वतः मोजून द्यावयाचे. एक मोहोर ठेवून जिन्नस घेऊन चालते व्हावे. तिला कळत नाही, कोणी शिपाई धावून येत नाही, पडद्यावर काही घडत नाही. नवख्यास वाटते, छान साधले. पुष्कळ पुढे, जेव्हा तो गुणांच्या मंदिरात आपली योग्यता सिद्ध करावयास जातो, तेव्हा दार उघडत नाही. यंत्राने ती मोहोर लिहून ठेविलेली असते. नीतिपाठाच्या पुस्तकात हीच गोष्ट एका वाक्यात सांगता आली असती, व मुलाने ती परीक्षेपुरती पाठही केली असती; येथे ती त्याला स्वतःच्या हातांनी मोजलेल्या नाण्यांतून कळते.

यावरून प्रत्येक खेळ असाच असतो असे कोणी समजू नये. पोकळ व रक्तबंबाळ खेळ पुष्कळ आहेत, आणि चांगला खेळही जेवण, झोप व अभ्यास गिळून बसला तर वाईटच. त्यावर उपाय एकच, व तो काही नवा नाही : वडील मंडळींनी आठवड्यातून एखादा तास मुलाच्या शेजारी बसावे. ‘बंद कर’ हे शब्द काढण्यापूर्वी ‘तू यात कोण आहेस?’ असे विचारावे. ‘त्या माणसाला तू का सोडलेस?’ असे विचारावे. मुलगा जे उत्तर देईल त्यावरून खेळाची परीक्षा होईल, आणि मुलाचीही थोडी ओळख पटेल. एकाच घरात राहून पुष्कळ आईबापांस ती झालेली नसते.

या खेळांतील नगरे आजवर बहुतेक परक्याच कल्पनांवर उभारली गेली आहेत. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ‘राजी’ हा खेळ काढिला. हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ निघालेल्या एका मुलीची ती कथा असून दुर्गा व विष्णू ती सांगत असतात. त्यात सोंग निवडावयाचे नसते, म्हणून त्यास या जातीचा म्हणता येत नाही. तरी आपल्या पुराणांच्या व किल्ल्यांच्या सामग्रीतून असले जग उभे करिता येते एवढे त्याने दाखवून दिले. सशाने वसविलेले शहर, भांडणाऱ्या शिलालेखांच्या वेशी आणि पिंडीत अंतर्धान पावलेली राणी ज्या गावात आहे, त्या गावाला आपला खेळ रचणारा कोणी मिळाला तर सामग्रीची वाण पडावयाची नाही.

आणि तसा खेळ कोणी रचिलाच, तर राजराजेश्वराच्या वाटेवर त्या मध्यरात्री खेळाडूला राजाचे सोंग द्यावे लागेल. कथेतल्या राजापुढे एकच मार्ग होता, कारण कथा सांगून झालेली आहे. खेळाडूपुढे तीन असतील. तलवार उपसून मागोमाग जाणे हा पहिला. परत फिरून संशय मनात तसाच ठेवणे हा दुसरा. दिवा घेऊन पुढे होणे आणि ‘इतक्या रात्री कोठे जातेस?’ असे सरळ विचारणे हा तिसरा. नवखा बहुधा पहिला मार्ग धरील, कारण हातात तलवार आहे. पिंडी मिटलेली पाहून त्याला वाईट वाटले आणि दुसऱ्या खेपेस तो दिवा घेऊन निघाला, म्हणजे तो या खेळात आता नवखा राहिला नाही असे खुशाल समजावे.